हत्तीच्या पुढच्या पायाची अस्थिरचना

हत्तीच्या पुढच्या पायाचा सांगाडा खांद्याच्या अंसफलकापासून (खांद्याच्या चपट्या हाडापासून) नखांखालील अंगुलास्थींपर्यंत (बोटांच्या हाडांपर्यंत) जवळजवळ सरळ उभ्या रेषेत रचलेला असतो आणि शरीराचा सुमारे ६० टक्के भार दोन्ही पुढचे पाय मिळून पेलतात. अंसफलक रुंद व त्रिकोणी असते. हत्तीला गळपट्टीचे हाड नसल्याने अंसफलक धडाशी केवळ स्नायूंनी जोडलेले राहते. त्याखाली जाडजूड भुजास्थी, म्हणजे खांदा ते कोपर यांमधले हाड, येते. तिच्या आत इतर अनेक सस्तन प्राण्यांप्रमाणे मज्जेची मोकळी पोकळी नसून जाळीदार हाड भरलेले असते.

खरे वैशिष्ट्य कोपराखाली आहे. कोपर ते मनगट या भागात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे असतात. माणसात मनगटाशी रेडियस हे मुख्य हाड असते. हत्तीत मात्र अल्ना अधिक जाड असून भाराचा मोठा वाटा तीच उचलते, तर सडपातळ रेडियस कोपराच्या बाहेरच्या बाजूने निघून अल्नाला पुढून तिरपी ओलांडते आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पोहोचते. ही दोन्ही हाडे याच स्थितीत जखडलेली असल्यामुळे हत्तीला पंजा उताणा करता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात, कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पमध्ये, माहुताच्या इशाऱ्यावर हत्तीने पुढचा पाय मागे दुमडला की पाहणाऱ्याला गुडघा वाकल्यासारखे वाटते. तो सांधा मनगटाचा असतो. कोपर बराच वर, छातीच्या खालच्या कडेजवळ असते. मनगटात दोन ओळींत आठ लहान हाडे असतात.

त्याखाली पाच करभास्थी (तळव्यातील हाडे) व पाच बोटे असतात. बोटे टेकलेली आणि मनगट उचललेले अशी ही ठेवण असून मागची पोकळी चरबी व तंतूंच्या जाड गादीने भरलेली असते. अंगठ्यालगतच्या कूर्चामय (लवचीक, मऊ हाडासारख्या ऊतीच्या) दांड्याचे वाढत्या वयात हाड बनते. तो सहाव्या बोटासारखा आधार देतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

भाराखाली ही गादी पसरत असल्याने पुढच्या पायाचा ठसा गोल, तर मागच्याचा लांबट उमटतो. छत्तीसगडमधून २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेल्या रानटी कळपासारखे हत्ती धानाच्या बांधीतून गेले, तर ओल्या चिखलातील पुढच्या ठशाचा घेर मोजून त्याची दुप्पट केल्यास खांद्यापर्यंतच्या उंचीचा ढोबळ अंदाज येतो, मात्र घसरलेल्या किंवा एकावर एक पडलेल्या ठशांना हे गणित लागू पडत नाही.