जनुकीय मुद्रांकन

आईकडून आलेले जनुक आणि बापाकडून आलेले जनुक अक्षर न् अक्षर सारखे असले, तरी शरीर दोघांना सारखेच वागवते असे नाही. काही थोड्या जनुकांची फक्त आईकडची प्रत काम करते, काहींची फक्त बापाकडची. दुसरी प्रत जागेवर असते, शाबूतही असते, पण मिटलेली असते. प्रत कोणाकडून आली याची खूण अंडपेशी किंवा शुक्राणू घडत असतानाच तिच्यावर उमटते. या प्रक्रियेला जनुकीय मुद्रांकन म्हणतात. डीएनएचा मजकूर न बदलता जनुकांचे वागणे बदलणारे आणि पेशी विभागल्यावरही टिकणारे फरक हा एपिजेनेटिक्सचा विषय. त्यातले मुद्रांकन हे सर्वांत स्वच्छ, वादातीत उदाहरण. माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी शंभरएक जनुके अशी आहेत. संख्या किरकोळ, पण त्यांच्यावाचून सस्तन प्राण्याचा गर्भ पुऱ्या दिवसांचा होत नाही.

मुद्रांक म्हटले की मराठी माणसाला दुय्यम निबंधकांचे कार्यालय आठवते. ती आठवण इथे कामाची आहे. दोन दस्तांतला मजकूर शब्दाला शब्द तोच, आणि तरी कोणता चालेल हे शिक्का बघून ठरते. या नोंदीत पुढे त्याला सरळ ‘ठसा’ म्हटले आहे.

शोधाची पार्श्वभूमी

पिकावरचा मावा नराशिवाय प्रजा वाढवतो. म्हणून तर चार दिवसांत शेंडा काळा पडतो. सरड्यांच्या काही जातींत नर नाहीतच. या अनिषेकजननाला सस्तन प्राणी मात्र अपवाद आहेत. उंदराची अंडपेशी रसायनांनी किंवा विजेच्या झटक्याने फसवता येते. शुक्राणू आला असे समजून ती विभागू लागते, गर्भाशयात रुजतेही, पण साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास गर्भ मरतो. उंदराचा गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा, म्हणजे निम्म्या वाटेवरच.

1970च्या दशकात याची दोन स्पष्टीकरणे दिली जात. एक, शुक्राणू केंद्रकाशिवाय आणखी काहीतरी आवश्यक द्रव्य अंडपेशीत आणत असावा. दुसरे, सगळी गुणसूत्रे एकाच आईची असल्यामुळे दडलेले घातक दोष जोडीने उघडे पडत असावेत. त्यातच 1977 मध्ये पीटर हॉपे आणि कार्ल इल्मेन्से यांनी एकाच पालकाच्या गुणसूत्रांपासून जिवंत उंदीर जन्माला घातल्याचे प्रसिद्ध केले. ते खरे असते तर प्रश्नच मिटला असता. पण दुसऱ्या कोणाच्याही हातून तसे उंदीर झाले नाहीत. विज्ञानात ‘आम्हाला नाही जमले’ एवढाच निष्कर्ष छापून येणे अवघड असते. त्यामुळे ते का जमत नाही हेच मोजून दाखवणाऱ्यांना हा शोध लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1984चे प्रयोग

दोन प्रयोगशाळा एकमेकींपासून स्वतंत्रपणे याच्या मागे होत्या. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ अझीम सुरानी, शीला बार्टन आणि मायकेल नॉरिस. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत दावोर सॉल्टर आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स मॅकग्रा. सुरानी केनियातील किसुमू येथे जन्मलेले, भारतीय वंशाचे. त्यांनी पीएच.डी. केली ती रॉबर्ट एडवर्ड्स यांच्याकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या जनकांपैकी एकाकडे.

प्रयोग समजायला आधी ते काम हातांनी कसे होते ते पाहावे लागते. मादीला संप्रेरकाची दोन इंजेक्शने दिली की ती एरवीपेक्षा कितीतरी जास्त अंडपेशी सोडते. रात्री तिला नराबरोबर ठेवायचे आणि सकाळी उजाडल्याबरोबर प्रत्येक मादीची योनी तपासायची. समागम झाला असेल तर तिथे मेणासारखी घट्ट गुठळी बसलेली दिसते. ही तपासणी दुपारवर ढकलून चालत नाही, कारण गुठळी गळून पडते. जगभरच्या गर्भविज्ञान प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांची सकाळ तिच्यापासूनच सुरू होते. मग बीजवाहिनीतून फलित अंडपेशी काढायच्या. एकेक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात दोन फिकट गोल दिसतात: शुक्राणूकडचे आणि अंडपेशीकडचे केंद्रक, म्हणजेच प्राक्केंद्रके. दोघे अजून एकत्र आलेले नसतात, आणि प्रयोगाला मिळणारा वेळ तेवढाच. मोठा गोल नराचा, लहान गोल मादीचा. मादीचा सहसा कडेच्या ध्रुवीय पिंडाजवळ, म्हणजे अंडपेशीने बाहेर टाकलेल्या चिमुकल्या पेशीजवळ असतो.

आधीच्या पद्धतीत काचेची सुई पेशीत खुपसून केंद्रक ओढत, आणि पुष्कळ पेशी तिथेच फुटत. मॅकग्रा आणि सॉल्टर यांनी 1983 मध्ये ही अडचण सोडवली. पेशीचा सांगाडा औषधाने सैल केला की सुई आवरणाला न भोसकता त्याच्यासकट प्राक्केंद्रक आत ओढून घेते, जसा फुग्याचा एक कोपरा चिमटीत धरून ओढावा. मागे पेशी आपोआप मिटते. हा छोटा फुगा दुसऱ्या पेशीच्या कवचाखाली सोडायचा आणि निष्प्रभ केलेल्या सेंदाई विषाणूच्या मदतीने दोन्ही पटले जोडायची. नंतर असे गर्भ नसबंदी केलेल्या नराशी समागम झालेल्या मादीत सोडत, कारण तिचे शरीर गर्भ सांभाळायला तयार असते.

या तंत्राने एका पेशीत दोन्ही प्राक्केंद्रके मादीची, दुसरीत दोन्ही नराची, आणि तुलनेसाठी तिसरीत एक-एक अशी जुळणी करता आली. एक-एक जुळवलेल्यांतून धडधाकट पिल्ले जन्मली, म्हणजे शस्त्रक्रियेने काही बिघडत नव्हते. दोन्ही मादीची किंवा दोन्ही नराची असलेल्यांतले एकही जन्मले नाही. अंडपेशीत शुक्राणू खरोखरच शिरलेला असतानाही निकाल बदलला नाही, तेव्हा ‘शुक्राणूचे द्रव्य’ बाद झाले. दोन वेगळ्या वंशांतल्या माद्यांची प्राक्केंद्रके जुळवली तरी गर्भ मेले, तेव्हा ‘दडलेले दोष’ही बाद झाले. उरला एकच निष्कर्ष. आईची आणि बापाची गुणसूत्रे आपण कोणाकडून आलो ते ‘लक्षात ठेवतात’. सुरानींचा लेख ‘नेचर’मध्ये आणि मॅकग्रा-सॉल्टर यांचा ‘सेल’मध्ये 1984च्या वसंतात, एकमेकांच्या पाठोपाठ आला. या शोधासाठी सुरानी आणि सॉल्टर यांना 2018 मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला.

मेलेले गर्भ ज्या तऱ्हेने मेले, तीही बोलकी होती. फक्त आईच्या गुणसूत्रांचा गर्भ लहान पण बऱ्यापैकी घडलेला असे, वार मात्र जेमतेम. फक्त बापाच्या गुणसूत्रांत उलटे: वारेची ऊती भरपूर, गर्भाचा पत्ता जवळजवळ नाही. माणसातही निसर्ग हा प्रयोग अधूनमधून करतो. संपूर्ण द्राक्षगर्भात गर्भ नसतो, फुगलेल्या वारेचे द्राक्षांसारखे घोस असतात, आणि त्यांतली सगळी गुणसूत्रे बापाकडची असतात. हे जपानमध्ये 1977 मध्येच दाखवले गेले होते. स्त्रीच्या बीजकोशात कधी कधी केस-दात असलेली गाठ सापडते. ती न फळलेल्या अंडपेशीपासून, म्हणजे केवळ मातृगुणसूत्रांपासून, वाढलेली असते. दोन्ही गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होत्या. त्यांना जोडणारा दोरा उंदरांकडून आला.

ठसा म्हणजे नेमके काय

ठसा मुख्यतः मेथिल गटांचा असतो. डीएनएमधील सायटोसिन या घटकावर हा चिमुकला रासायनिक गट चिकटतो. पेशी विभागताना एक विकर जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर तशाच उमटवते. अशा खुणा वारशाने टिकू शकतील ही कल्पना 1975 मध्येच मांडली गेली होती. 1991 मध्ये ठसे असलेली पहिली जनुके हाती लागली. त्यांतले आयजीएफ-2 हे गर्भाची वाढ करणारे जनुक सर्वांत बोधप्रद ठरले. ते मोडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लू नेहमीच्या वजनाच्या जेमतेम साठ टक्के भरते. तीच मोडलेली प्रत आईकडून आली तर काहीच फरक पडत नाही, कारण आईची प्रत तशीही बंदच असते. मेंडेलच्या वाटाण्यांत हा भेद कुठेच नव्हता.

या जनुकाशेजारी एच-19 नावाचे दुसरे जनुक आहे आणि दोघांना चालना देणारा डीएनएचा तुकडा एकच, एच-19च्या पलीकडे. आईच्या गुणसूत्रावर दोघांमधला टापू मेथिलविरहित असतो. तिथे सीटीसीएफ हे प्रथिन बसते आणि वाट अडवते. चालना आयजीएफ-2पर्यंत पोहोचत नाही, एच-19लाच मिळते. बापाच्या गुणसूत्रावर तो टापू मेथिल गटांनी भरलेला असल्यामुळे प्रथिनाला बसायला जागा नाही, वाट मोकळी, आयजीएफ-2 चालू. रेल्वेच्या सांध्यासारखीच ही रचना आहे. तिचा उलगडा 2000 साली झाला.

ठसे पुसलेही जातात, नाही तर बापाला आपल्या आईकडून मिळालेली प्रत तो ‘आईची’ म्हणूनच पुढे पाठवेल. भावी अंडपेशी-शुक्राणू ज्या आदिपेशींपासून होतात, त्यांच्यात जुने ठसे साफ होतात आणि धारकाच्या लिंगाप्रमाणे नवे उमटतात. वेळापत्रक मात्र वेगवेगळे आहे. मादीत नवे ठसे जन्मानंतर, अंडपेशी वाढत असताना उमटतात. उंदराच्या नरात ते तो स्वतः आईच्या पोटात असतानाच उमटू लागतात. म्हणजे पिल्लाला बापाकडून मिळालेला ठसा आजीच्या गर्भाशयात पडलेला असतो. गर्भधारणेनंतर फलित पेशीत मेथिल गटांची आणखी एक मोठी सफाई होते. त्यातून हे ठसे वाचतात, कारण काही प्रथिने नेमक्या याच जागा राखून धरतात.

इथे एक खुलासा हवा. एपिजेनेटिक्स हा शब्द अलीकडे गर्भसंस्काराच्या जाहिरातींतही भेटतो. गरोदरपणी ऐकलेल्या संगीताने जनुकांचे ठसे बदलतात, या म्हणण्याला मुद्रांकनाचा आधार घेता येत नाही. हे ठसे दिवस राहण्याच्या आधीच पडलेले असतात.

आजार

प्राडर-विली (1956) आणि अँजेलमन (1965) ही लक्षणसमूहांची वर्णने एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखी झाली. पहिल्यात बाळ जन्मतः लुळे, दूध ओढायलाही ताकद नसलेले. दोन-तीन वर्षांनी मात्र न भागणारी भूक सुरू होते, इतकी की घरच्यांना स्वयंपाकघराला कुलूप लावावे लागते. दुसऱ्यात मूल बोलत नाही, चालताना झोकांड्या खाते, फिट्स येतात आणि कारण नसताना हसत राहते. दोन्हींत पंधराव्या गुणसूत्राचा तोच टापू बिघडलेला निघाला. बापाकडचा गेला तर प्राडर-विली, आईकडचा गेला तर अँजेलमन. 1989 मध्ये असे प्राडर-विली रुग्ण सापडले ज्यांच्यात काहीच गळालेले नव्हते. दोन्ही पंधरावी गुणसूत्रे आईकडची होती, एवढेच. आज निदानासाठी याच टापूवरचे मेथिल गट तपासतात.

ठसे का असावेत

सर्वाधिक मान्यता उत्क्रांतिशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांच्या संघर्षाच्या विचाराला आहे. आईचा सगळ्याच पिल्लांशी सारखा संबंध असतो, तर बापाची खात्री फक्त चालू विणीपुरती. म्हणून बापाकडची जनुके आईकडून जास्तीत जास्त पोषण ओढू पाहतात आणि आईकडची हात आखडता घेतात. वाढ करणारे आयजीएफ-2 बापाचे चालते आणि त्याला आवरणारे आयजीएफ-2आर आईचे, हे या चित्रात चपखल बसते. सगळी जनुके मात्र बसत नाहीत. मेंदूत काम करणाऱ्या अनेक ठसेदार जनुकांचा पोषणाशी संबंध जोडताना ओढाताण होते. विचाराच्या बाजूने असलेली एक भक्कम गोष्ट वनस्पतींतून येते: अंडी घालणाऱ्या पक्ष्यांत मुद्रांकन आढळलेले नाही, पण सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणपोषात आहे, आणि भ्रूणपोष म्हणजे रोपाची शिदोरी. नारळाचे खोबरे हा भ्रूणपोषच. मक्यात एकच रंगजनुक आईकडून आले तर दाणा पूर्ण रंगतो आणि बापाकडून आले तर ठिपकेदार होतो, हे 1970 मध्येच नोंदले गेले होते.

भारतातील काम

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत बापाच्या बाजूचा अभ्यास झाला. नर ‘रॅट’ उंदरांना टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध दिल्यावर त्यांच्या शुक्राणूंत आयजीएफ-2 आणि एच-19 यांच्यामधल्या टापूवरचे मेथिल गट कमी झाले, आणि त्याचा संबंध गर्भ गळण्याशी दिसला. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) एपिजेनेटिक्सचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा गावांत 1993 पासून चालवलेला माता-पोषणाचा अभ्यास मुद्रांकनाचा नाही, पण त्याचा शेजारी म्हणता येईल. मेथिल गट शरीरात ज्या साखळीतून तयार होतात तिला फोलेट आणि ब-12 ही जीवनसत्त्वे लागतात. गरोदरपणी फोलेट भरपूर पण ब-12 कमी असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली.

एकाच लिंगाचे पालक

ठसे हाच अडसर असेल तर ते बदलल्यावर तो दूर व्हायला हवा. 2004 मध्ये तोमोहिरो कोनो यांच्या गटाने तोक्योत ही कसोटी पाहिली. एच-19चा भाग कापलेल्या वाणातल्या नवजात मादीची, अजून ठसे न उमटलेली अंडपेशी घेतली आणि तिचे केंद्रक दुसऱ्या अंडपेशीशी जुळवले. 457 पेशींपासून दहा पिल्ले जिवंत जन्मली. त्यांतली एक वाढली आणि स्वतः आई झाली. बांबूत सापडलेल्या लोककथेतल्या मुलीवरून तिचे नाव कागुया ठेवले. पेइचिंगमध्ये 2018 साली तीन टापू कापून दोन आयांची 29 पिल्ले झाली. दोन बापांसाठी मात्र सात टापू कापूनही पिल्ले जन्मानंतर थोड्याच काळात दगावली. 2025 मध्ये त्याच शास्त्रज्ञांच्या गटाने वीस ठसेदार टापूंत बदल केले तेव्हा दोन बापांचे काही उंदीर पूर्ण वाढले. त्यांचे आयुष्य कमी भरले, आणि त्यांना पिल्ले होऊ शकली नाहीत.