होड्या लागतात तिथे जेवावं: बार्बाडोसच्या मासळीची पार्श्वभूमी

बार्बाडोसमध्ये मासे खायला जागा शोधायची असेल तर आधी होड्या कुठे लागतात ते पाहावं. दक्षिणेला ऑइस्टिन्स, पश्चिम किनाऱ्यावर स्पाइट्सटाउन, वायव्येला हाफ मून फोर्ट, पूर्वेला मार्टिन्स बे. स्थानिक माणसं ज्या खानावळींची नावं घेतात, त्या बहुतेक अशा धक्क्यांच्या आसपास आहेत. बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं, त्यामुळे कुठूनही कुठे पोचायला फार वेळ लागत नाही. पण तिथे गेल्यावर काय मागवायचं आणि कोणत्या महिन्यात, हे कळायला या बेटाच्या ताटात मासा कसा आला ते माहीत असावं लागतं.

या बेटाच्या रोजच्या जेवणात आधी रुजला तो इथल्या समुद्रातला मासा नव्हता. १६४० च्या दशकात इंग्रज मळेवाल्यांनी जवळजवळ सगळी जमीन उसाखाली आणली आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तिच्यावर राबवलं. धान्य पिकवायला जमीन ठेवायची नाही आणि मासेमारीसाठी माणसं मोकळी सोडायची नाहीत, म्हणून खाणं बाहेरून यायचं. उत्तर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड आणि न्यूफाउंडलंडकडची जहाजं खारवून वाळवलेला कॉड मासा आणत आणि परतताना काकवी आणि रम नेत. त्यातही युरोपात खपणार नाही असा हलका, तुटका, जास्त खारट माल कॅरिबियनसाठी वेगळा काढला जाई, आणि गुलामांच्या वाट्याला तोच येई. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८३ साली ब्रिटनने अमेरिकन जहाजांना आपल्या बेटांवरच्या व्यापारात अटकाव केला, तेव्हा कॅनडाकडच्या वसाहतींनी ती जागा घेतली. पुरवठादार बदलले, मासा तोच राहिला.

आज बेटावर कुठेही मिळणारा फिशकेक हा त्या खाऱ्या कॉडचाच वारसा आहे. कॉड रात्रभर पाण्यात ठेवतात, मधे दोनदा तरी पाणी बदलतात, मग उकळून कुस्करतात. त्यात मैदा, पातीचा कांदा, थाईम, मार्जोरम, बारीक चिरलेली स्कॉच बॉनेट मिरची आणि चिमूटभर बेकिंग पावडर घालून चमच्याने तेलात सोडतात. फिशकेक बिघडतो तो दोन ठिकाणी. पाणी कमी वेळा बदललं तर मिठाने तोंड आवळतं, आणि मैदा जास्त झाला की नुसता भज्याचा गोळा हाती येतो. फोडल्यावर आत माशाचे धागे दिसले पाहिजेत. सॉल्ट ब्रेड नावाच्या गोल पावात असे दोन घालून खातात, त्याला ‘ब्रेड अँड टू’ म्हणतात. पावाचं नाव खारं असलं तरी तो खारट नसतो.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरची चार वर्षं सक्तीच्या ‘उमेदवारी’त, म्हणजे जुन्याच मालकाकडे बांधून काम करण्यात, गेली आणि १८३८ मध्ये खरी मोकळीक मिळाली. जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. ज्यांना मळ्यावर परत जायचं नव्हतं त्यांच्यापुढे जे थोडे मार्ग होते त्यांत समुद्र हा मोठा होता, आणि आवाक्यातला मुबलक मासा म्हणजे उडता मासा. वीतभर लांबीचा, रुंद परांचा, लाटेवरून तरंगत जाणारा. त्याचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं असतं आणि तो तरंगत्या वस्तूंना अंडी चिकटवतो. मच्छीमारांनी नेमकी हीच खोड धरली. उसाच्या पाचटाच्या किंवा नारळाच्या झावळ्यांच्या जुड्या बांधून पाण्यावर सोडायच्या, बारीक केलेल्या माशाचं आमिष टाकायचं, आणि अंडी घालायला थवा जमला की हातजाळ्याने उपसायचा. १९५० च्या दशकात गिलनेट, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणारं जाळं, आलं आणि पकड वाढली. हंगाम ढोबळमानाने डिसेंबर ते जून.

शिडाच्या होडीला मात्र मर्यादा होती. बर्फ नसल्यामुळे पहाटे निघून त्याच दिवशी परत यावंच लागे. २२ सप्टेंबर १९५५ च्या जॅनेट चक्रीवादळाने यातल्या पुष्कळ होड्या मोडल्या. इंजिनं बसवायला आधीच सुरुवात झाली होती, वादळानंतर सरकारी कर्जांमुळे तिला वेग आला. पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे बर्फाचे कप्पे असलेल्या ‘आइस बोटी’ आल्या. आता आठवडाभर समुद्रात राहता येऊ लागलं आणि बार्बाडोसचे मच्छीमार दक्षिणेला टोबॅगोच्या पाण्यापर्यंत जाऊ लागले.

तिथूनच बार्बाडोस आणि त्रिनिदाद-टोबॅगो या दोन देशांचा तंटा उभा राहिला. १९९० साली दोघांत एक वर्षाचा करार झाला, तो पुढे वाढला नाही. बार्बाडोसच्या मच्छीमारांना अटक होत राहिली आणि २००४ मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. ११ एप्रिल २००६ च्या निवाड्याने सागरी सीमा आखून दिली. त्रिनिदाद-टोबॅगोच्या हद्दीत मासेमारीचा हक्क बहाल करण्याचा अधिकार आपल्याला नाही असं लवादाने सांगितलं, पण दोन्ही देशांनी सद्भावनेने बोलणी करून करार करावा असंही बजावलं. एका वीतभर माशासाठी दोन शेजारी देश लवादापर्यंत गेले, याचं नवल बार्बाडोसमध्ये कोणाला वाटत नाही. तिथल्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच मासा आहे.

उडता मासा ताटात येण्याआधी त्याच्यावर जे हातकाम होतं ते खरं कौशल्य. हे काम मुख्यतः बायका करत आल्या आहेत. खवले काढायचे, डोकं आणि पर कापायचे, उभा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा उचलायचा आणि मग दोन्ही बाजूंच्या बारीक काट्यांच्या रांगा सुरीच्या टोकाने तिरप्या कापून काढायच्या. शेवटी हातात पूर्ण, न फाटलेला तुकडा राहिला पाहिजे. ही शेवटची पायरी घाईत झाली की खाणाऱ्याच्या घशात काटा जातो. ऑइस्टिन्सच्या बेरिंडा कॉक्स मासळी बाजारात सकाळी गेलात तर हे काम डोळ्यांसमोर चाललेलं दिसतं. साफ केलेले मासे सहसा दहाच्या पाकिटात विकतात.

याच माशासोबत मक्याच्या पिठाचं कूकू, म्हणजे बार्बाडोसचं राष्ट्रीय ताट. भेंडी आणि पीठ घोटण्याची रीत पश्चिम आफ्रिकेतली. चार माणसांसाठी दोन कप बारीक मक्याचं पीठ आधी तेवढ्याच पाण्यात भिजवतात. आठ-दहा भेंड्यांच्या चकत्या कांदा, थाईम आणि मीठ घालून तीन-चार कप पाण्यात शिजवतात, आणि ते बुळबुळीत पाणी गाळून बाजूला ठेवतात. मग भिजलेलं पीठ मंद आचेवर ठेवून ते पाणी थोडं थोडं घालत चपट्या लाकडी दांड्याने घोटतात, आपल्याकडे उकड घोटतात तसंच. पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, पीठ आधी भिजवलं नाही तर ते कच्चं राहून दाताखाली कचकचतं. शेवटी भेंडी मिसळून, लोणी लावलेल्या वाडग्यात दाबून ताटात उलटं करतात. वर कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला उडता मासा. चांगलं कूकू मऊसूत असतं आणि ताटात आकार धरून राहतं.

आता जागांकडे. रात्री रस्त्यावर तळलेला मासा खाण्याचं ठिकाण म्हणून आधी नाव होतं ते ब्रिजटाउनच्या बॅक्स्टर्स रोडचं. तिथे बायका बिडाच्या जाड भांड्यात, चुलीवर मासा तळून विकत. पुढे ती गर्दी ऑइस्टिन्सकडे वळली, कारण धक्का, बाजार आणि मोकळी जागा एकाच ठिकाणी होती. गाव जुनं आहे. बेटावरच्या राजनिष्ठांनी इंग्लंडमधली राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या आरमारापुढे शरणागतीचा करार केला तो जानेवारी १६५२ मध्ये इथल्याच एका मद्यगृहात. आज ‘बे गार्डन’मधल्या टपऱ्यांवर शुक्रवारी रात्री सगळ्यात मोठी गर्दी असते. संगीत हवं असेल तर शुक्रवार, निवांत जेवायचं असेल तर इतर कोणताही वार. शुक्रवारीच जायचं तर साडेसहापर्यंत पोचावं. आठनंतर नावाजलेल्या टपऱ्यांपुढे रांग लागते आणि काही मासे संपतात. ब्रिजटाउनच्या फेअरचाइल्ड स्ट्रीट स्थानकावरून बस मिळते. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा.

फळ्यावरची नावं वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘डॉल्फिन’ लिहिलं असेल तर तो माही-माही मासा, सस्तन डॉल्फिन नव्हे. ‘किंगफिश’ म्हणजे बहुधा वाहू. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला, पण मांस जास्त पांढरं आणि कोरडं, म्हणून जास्त वेळ भाजलं की लगेच राठ होतं. मार्लिन तर त्याहून कोरडा. तो विस्तवावर भाजलेला घेण्यापेक्षा पावात घालून खावा. ब्रिजटाउनजवळ पेबल्स बीचवरची ‘कझ’ची टपरी अशाच ‘फिश कटर’साठी प्रसिद्ध आहे: सॉल्ट ब्रेड, तळलेला मासा, हवं तर चीज आणि अंडं. वरून पिवळा पेपर सॉस घालतात. त्यात मोहरीची पेस्ट, हळद आणि स्कॉच बॉनेट असते. आपण तिखट खाणारे म्हणून आधीच भरपूर ओतू नये, ही मिरची लवंगीपेक्षाही जहाल असते. ‘स्टीम्ड’ लिहिलेला मासा नुसत्या वाफेवरचा नसतो, तो लोणी, कांदा, टोमॅटो आणि थाईमच्या रश्श्यात झाकण ठेवून शिजवलेला असतो. कुठेही गेलात तरी हा प्रकार चुकवू नये असं माझं मत आहे, कारण रश्श्यात माशाचा शिळेपणा लपत नाही.

स्पाइट्सटाउनला ‘फिशरमन्स पब’ अगदी पाण्यालगत आहे, तिथे दुपारी जावं. मार्टिन्स बेचा वार गुरुवार, जेवण दुपारचं.

सी-एग म्हणजे पांढरा समुद्री साळू, हा बेटाचा जुना मेवा. पाणबुडे तो वर आणतात, कवच फोडून आतला पिवळा गर काढतात आणि अनेकांचा गर एकाच कवचात रचून विकतात. अतिउपशामुळे त्यावर एकोणिसाव्या शतकापासून कायदेशीर निर्बंध आहेत आणि उपशाला सरकार ठरवेल तेवढाच काळ परवानगी मिळते. बंदीच्या काळात कुणी लपूनछपून देऊ केला तर घेऊ नये.

उडत्या माशाचीही आता खात्री नाही. २०११ पासून सरगॅसम शेवाळाचे प्रचंड पट्टे या समुद्रात येऊ लागले. अंडी घालायला तरंगतं शेवाळ सगळीकडे मिळाल्यावर मासा झावळ्यांच्या जुड्यांकडे कशाला येईल? जाळी शेवाळाने भरून जातात ते वेगळंच. त्यात २०२४ चं बेरिल वादळ आलं. २९ जूनला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला आणि मग विमानतळ बंद पडल्याने संघ तिथेच अडकला, ते हेच वादळ. १ जुलैला ते बेटाच्या दक्षिणेकडून गेलं आणि त्याच्या लाटांनी ब्रिजटाउनच्या मासळी बंदरात होड्या एकमेकींवर आदळून ताफ्याचा मोठा भाग मोडला. होडी बांधायला महिने लागतात, आणि तोवर त्या होडीवरच्या माणसांची कमाई बंद असते.

म्हणून टपरीवर ऑर्डर देण्याआधी ‘आज काय उतरलं?’ एवढं विचारावं. डिसेंबर ते जूनमध्ये ताजा उडता मासा मिळण्याची शक्यता जास्त, माही-माही आणि वाहूही साधारण याच काळात. जुलै ते नोव्हेंबरमध्ये उडता मासा बहुतेक गोठवलेला असतो. तो कूकूवरच्या रश्श्यात चालतो, पण तळला की ओलावा सुटून कुरकुरीतपणा जातो. त्या महिन्यांत स्नॅपर किंवा पिंजऱ्यात धरलेली खडकाळ भागातली मासळी मागावी. आज होडीच आली नाही असं उत्तर मिळालं तर फिशकेक घ्यावेत, त्यांना हंगाम लागत नाही.