बेळगावच्या गच्चीवर उपग्रह-इंटरनेटच्या अँटेनाला उत्तर दिशा मोकळी का हवी

मार्चच्या मध्यास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, निपाणी-खानापूरकडे डीडी फ्री डिशचं चित्र काही मिनिटं फुटतं. तेव्हा छत्री हलवू नये. 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 या टीव्ही उपग्रहाच्या नेमका मागे सूर्य आलेला असतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट छत्रीत शिरतो. एका रेषेत येणं, सगळ्या व्यत्ययाचं मूळ हेच. सूर्य वर्षातून दोनदा येतो. इंटरनेटचे हजारो उपग्रह मात्र दिवसरात्र अशा रेषा ओलांडत असतात.

550 किमीवरचा असा उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला सुमारे 0.8 अंश सरकतो. 60 सेंमीच्या छत्रीची नजर 11 गिगाहर्ट्झला जेमतेम 3 अंशांची, म्हणजे चारेक सेकंदांचा मामला. पण जीसॅट 35,786 किमीवर, 65 पट लांब. तेवढ्याच ताकदीचा खालचा उपग्रह चार हजार पट मोठ्याने ऐकू येईल. म्हणून 2000 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेत मर्यादा ठरल्या: एका कंपनीच्या ताफ्यातल्या सगळ्या उपग्रहांची मिळून छत्रीत शिरणारी शक्ती ठरावीक पातळीखालीच राहिली पाहिजे. त्यासाठी इंटरनेटचा उपग्रह भूस्थिर (जीसॅटसारख्या, आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांच्या कमानीजवळ दिसू लागला, की त्या गावावरचा झोत बंद करतो आणि काम दुसऱ्याकडे जातं.

इथे आपला अक्षांश आडवा येतो. लंडनहून ही कमान दक्षिणेला फार तर 31 अंश उंच दिसते, बेळगावहून 71 अंश. तिच्या दोन्ही अंगांना समजा 18 अंश सोडले, तर पट्टा जवळजवळ डोक्यावर येऊन टेकतो. सगळ्यात जवळचे, सगळ्यात खणखणीत उपग्रहच हातचे जातात. भिस्त उरते ती मुख्यतः उत्तरेच्या आकाशावर. टीव्हीची छत्री आग्नेयेला बघते, त्यामुळे लोक तीच बाजू मोकळी ठेवतात. इंटरनेटच्या अँटेनाला मात्र उत्तरेचा फणस किंवा पाण्याची टाकी नडते. जागा निवडतानाच हे पाहावं.

दोन ताफे आपसात एका रेषेत आले तर? अमेरिकेतला नियम असा: आधी आपसात समझोता करा. तो नसेल आणि समोरच्याचा गोंगाट 6 टक्क्यांहून जास्त वाढत असेल, तर तेवढ्या वेळापुरती फ्रिक्वेन्सी वाटून घ्या. 6 टक्के म्हणजे फक्त पाव डेसिबल! एवढं काटेकोर राहायचं तर दोघांकडे एकमेकांच्या कक्षांचे ताजे आकडे हवेत. उपग्रहाने कक्षा बदलली आणि आकडे शिळे राहिले, की हिशेब चुकतो. मग सिग्नलची टक्कर कागदावर दिसत नाही, अँटेनात दिसते.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसात सिग्नल मंदावतो. उपग्रहाची ताकद वाढवून तो भरून काढायला 2000 सालची तीच मर्यादा आडवी येते. त्यामुळे मॉड्युलेशन, म्हणजे लहरींवर माहिती चढवण्याची पद्धत, साधं केलं जातं: वेग घटतो, जोडणी टिकते.