ब्रोकरेज आणि स्प्रेड: बिल एकाचंच येतं

ब्रोकरेज सगळ्यांना कळतं. सौदा करून दिल्याबद्दल ब्रोकर घेतो ते पैसे, टक्क्यात किंवा ऑर्डरमागे ठरावीक; खरेदीला एकदा, विक्रीला पुन्हा. टक्क्यांचा दर असेल तर ‘किमान’ची अट तेवढी वाचा. दर 0.1 टक्का पण किमान 20 असेल, तर 2,000 च्या ऑर्डरवर तुम्ही 1 टक्का भरताय.

घोळ होतो तो स्प्रेडपाशी. ‘ब्रोकरेज शून्य, म्हणजे ट्रेडिंग फुकट’ हे वाचून वाचून कंटाळा आला.

शेअरला एका वेळी दोन भाव असतात. घेणारे द्यायला तयार असतात तो बिड, विकणारे मागतात तो आस्क, आणि मधलं अंतर म्हणजे स्प्रेड. समजा बिड 100.00 आहे, आस्क 100.20. तुम्ही 500 शेअर्सची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे भाव न सांगता, मिळेल त्या भावाला घ्यायची. आस्कला होते फक्त 200. उरलेले 300 मिळाले 100.35 ला. सरासरी पडली 100.29. बाजार जागचा हलला नाही आणि तुम्ही सगळे 100.00 ला विकले, तरी 145 गेले: 100 स्प्रेडचे, 45 वरच्या भावाला हात घातल्याचे. ऑर्डरमागे 20 धरलं तर दोन्ही वेळचं ब्रोकरेज 40. काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्याच्या बिलावर, हे 40 वेगळ्या ओळीत छापून येतात. ते 145 कुठेच दिसत नाहीत, भावातच मुरलेले असतात.

शिवाय ते ब्रोकरच्या खिशात जात नाहीत, समोरच्या पार्टीला मिळतात. अमेरिकेतल्या मोठ्या ब्रोकरांनी ऑक्टोबर 2019 मध्ये शेअर्सवरचं ब्रोकरेज शून्यावर आणलं. तिथे मार्केट मेकर, म्हणजे बिड-आस्क दोन्ही भाव लावून सतत घेणारी-विकणारी कंपनी, ऑर्डर स्वतःकडे वळवल्याबद्दल अनेक ब्रोकरांना पैसे देते, आणि मार्केट मेकरची कमाई असते स्प्रेडवर. फुकट म्हणतात ते हेच!

ब्रोकर बदलून ब्रोकरेज कमी होईल. स्प्रेड वाचवायचा तर ऑर्डरचा प्रकार बदला. लिमिट ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते तुम्ही ठरवता. लिमिट 100.20 ची लावली तर 200 मिळतील, बाकीचे 300 रांगेत थांबतील. 100.00 ची लावून सौदा झाला तर खरेदीत स्प्रेड जाणार नाही, पण भाव वर निघून गेला तर शेअरही हाती लागणार नाही. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकूच नये. आणि कुठल्याही शेअरमध्ये हिशोब डेप्थमधल्या, म्हणजे कुठल्या भावाला किती शेअर घ्यायला-विकायला लागलेत त्या यादीतल्या, आकड्यांवर करा. शेवटचा सौदा 100.10 ला झाला असेल, पण त्या भावाला आत्ता कुणी विकायला बसलेलं नाही.