‘एवढा फास्ट कसा काय?’ – हा प्रश्न आला कुठून

रविवारी सायकलने सिंहगड मारून खाली डोणज्यात चहाला टेकलो की जुलैमध्ये आमच्या ग्रुपात एक भांडण ठरलेलं. आदल्या रात्री नऊच्या सुमारास टूर द फ्रान्सची डोंगराळ स्टेज संपलेली असते, स्लोव्हेनियाच्या पोगाचारने सगळ्यांना धुतलेलं असतं, आणि कोणीतरी कप खाली ठेवायच्या आत म्हणतोच, "हे नॉर्मल नाहीये." म्हणजे नक्की डोपिंग, बंदी असलेली औषधं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली ना, ४३७ किलोमीटरची, यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) २.२ दर्जाची, तेव्हापासून (रस्ते तरी चकाचक झाले त्या निमित्ताने) नवीन पोरंही या वादात पडायला लागलीत. त्यांना वाटतं हा संशय जळकेपणातून येतो. थोडा येत असेल, पण मूळ वेगळंय.

चीटिंग तर पहिल्यापासूनच आहे. १९०४ मध्ये, म्हणजे टूरच्या दुसऱ्याच वर्षी, पहिल्या चारही नंबरांना बाद केलं, ट्रेनने जाण्यापर्यंतचे आरोप होते, आणि टूर मिळाली ती विशीही न गाठलेल्या आंरी कॉर्नेला. १९६७ मध्ये मों व्हाँतूच्या चढावर ब्रिटिश रायडर टॉम सिम्प्सन कोसळून गेला, अंगात अॅम्फेटामाइन हे उत्तेजक सापडलं. १९७८ मध्ये बेल्जियमचा पोलेंतिए आल्प द्युएझची स्टेज जिंकून यलो जर्सीत (ती टूरमध्ये पुढे असलेल्याला मिळते) टेस्टला गेला तर काखेत दुसऱ्याच्या लघवीचा फुगा आणि नळी! हे ऐकून आपण हसतो, पण तेव्हाच्या प्रेक्षकाला निदान एक खात्री होती, की पकडला तर चोर, नाही पकडला तर साव.

ती खात्री नव्वदच्या दशकात गेली आणि आजचं सगळं भांडण तिथून सुरू होतं असं माझं मत.

ईपीओ आलं. हे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, ऑक्सिजन जास्त वाहून नेला जातो, म्हणजे चढावर सोनंच. आणि २००० पर्यंत ते पकडायची टेस्टच नव्हती! मग यूसीआयने १९९७ मध्ये तोडगा काढला की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं तर रायडरने पंधरा दिवस घरी बसायचं, तेही डोपिंग म्हणून नाही, 'तब्येतीसाठी'. आता मला सांगा, आपल्याकडे गाडीच्या स्पीडला ८० ची लिमिट लावली तर लोक किती वर चालवतात? ७९ वर. इथेही तेच झालं, ज्याचं प्रमाण नैसर्गिकरीत्या ४२ होतं त्याला ४९ पर्यंत जायची जणू परवानगीच मिळाली आणि ज्याचं मुळात ४८ होतं तो बिचारा तिथेच राहिला. १९९९ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, तिथलाच पंतानी जिंकल्यात जमा होता, शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी ५२ निघालं, गेला घरी. १९९६ ची टूर जिंकलेल्या रीसला तर 'मिस्टर ६० टक्के' असं टोपणनावच होतं, त्याने कबूल केलं २००७ मध्ये, अकरा वर्षांनी.

मधल्या काळात १९९८ ला फेस्टिना टीमचा मसाजवाला विली व्होए गाडीभर औषधं घेऊन सीमेवर पकडला गेला. लक्षात घ्या, कस्टमने पकडला, टेस्टने नाही. आणि मग अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग. शेकडो टेस्ट दिल्या, सगळ्या क्लीन, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला, आम्हीही त्याच्या संस्थेचे पिवळे रबरबँड घालून फिरलो (मी तर ऑफिसात पण घालायचो). २०१२ मध्ये १९९९ ते २००५ अशा सातही टूर काढून घेतल्या, त्याही सहकाऱ्यांच्या साक्षींच्या जोरावर. त्या दिवशी 'टेस्ट निगेटिव्ह आली' या वाक्याची किंमत संपली. आज पोगाचार किंवा त्याचा प्रतिस्पर्धी व्हिंगेगोर यांची एकही टेस्ट पॉझिटिव्ह नाही हे खरंय आणि ते सांगायलाच हवं, पण चहावरच्या भांडणात या मुद्द्याने कोणी गप्प बसत नाही त्याचं कारण हे.

मग लोकांनी स्टॉपवॉच हातात घेतलं. फेस्टिनाचाच जुना ट्रेनर अंत्वान व्हाये याने चढावरच्या वेळेवरून वॉट, म्हणजे पायांची ताकद, काढून पायऱ्या ठरवल्या, ४१० वॉट संशयास्पद, ४३० चमत्कार, ४५० म्हणजे माणूसच नाही. गणित तसं शाळेतलंच. आपला सिंहगड घ्या, चढाई ६०० मीटर धरू, तुम्ही ७० किलो, सायकल १० किलो, वेळ ५० मिनिटं, तर नुसतं वजन वर न्यायलाच साधारण १५७ वॉट लागतात, त्यात हवा आणि टायरचं घर्षण मिळवा. पण हाच हिशोब पाठीमागून वारा असेल, पुढे कोणी हवा कापत असेल, तर गंडतो. २०२४ ला टूरमधल्या प्लातो द बेईच्या चढावर पोगाचारने पंतानीची १९९८ ची वेळ साडेतीनेक मिनिटांनी मोडली तेव्हा अर्धे म्हणाले झालं, सिद्ध झालं, आणि अर्धे म्हणाले सायकली बदलल्या, टायर बदलले, आता तासाला शंभर-शंभर ग्रॅम कार्ब खातात, शिवाय व्हिंगेगोरच्या व्हिस्मा टीमने खालून काय पेस लावला होता! माझं म्हणाल तर दोन्हीकडचे जरा जास्तच खात्रीने बोलतात.

मला स्वतःला राग येतो तो नियम लावण्याच्या पद्धतीचा. साल्ब्युटामॉल, दम्याचं औषध, लघवीत लिमिट मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम. २०१४ मध्ये इटलीच्या उलिस्सीचं १९०० आलं, नऊ महिने बंदी. २०१७ मध्ये चार टूर जिंकलेल्या फ्रूमचं २००० आलं, आणि जुलै २०१८ मध्ये टूर सुरू व्हायच्या तोंडावर शिक्षेशिवाय केस बंद. लघवी किती घट्ट होती त्यानुसार आकडा दुरुस्त करतात वगैरे स्पष्टीकरणं आहेत आणि ती खोटी नाहीत, पण बघणाऱ्याला दिसतं काय तर मोठ्या टीमकडे मोठे वकील. आणि २०१५ च्या जिरोत ऑस्ट्रेलियाचा रिची पोर्ट पंक्चर झाला, दुसऱ्या टीमच्या मित्राने स्वतःचं चाक काढून दिलं, सगळं जग वा वा म्हणतंय तोवर दोन मिनिटांची पेनल्टी. नियमात होतं, मान्य. पण इथे कशी दोन तासांत अंमलबजावणी होते हो?

सायकलीत लपवलेल्या मोटरचंही तसंच, २०१० पासून कुजबुज होती, लोक हसायचे, २०१६ मध्ये सायक्लोक्रॉसच्या (चिखलमातीतली सायकल रेस) वर्ल्ड चॅम्पियनशिपला फेम्के व्हान डेन ड्रीशच्या सायकलीत खरीच निघाली, सहा वर्षं बंदी.

आमच्यातही एकाचा मागे सिंहगडचा टाइम अॅपवर असा आला की सगळ्यांचे डोळे फिरले. नंतर कळलं वरून येताना पाय आखडला म्हणून तो मित्राच्या कारने उतरला होता आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं, अॅपने कुठलं काय जोडलं देव जाणे. त्याने राईड डिलीट केली, सगळ्यांची माफी मागितली, चहा पाजला. आता तो खरोखर आमच्यात सगळ्यात आधी वर पोचतो, आणि आम्ही धापा टाकत पोचलो की पहिलं वाक्य तेच असतं, "मोटर आली का रे वर?"