आजी-आजोबा इंग्लंड किंवा आयर्लंडचे असतील तर नोंद कशी शोधायची, कोण पात्र ठरतं, कागद कोणते लागतात

भुसावळ, इगतपुरी, देवळाली, पुण्याचा कॅम्प, भायखळा, या भागातल्या जुन्या रेल्वेवाल्या आणि पलटणीतल्या घरांत "आमचे आजोबा आयरिश" किंवा "आजी इंग्लिश" असं कायम ऐकायला मिळतं. अशा नात्यावरून ब्रिटनचा व्हिसा किंवा आयर्लंडचं नागरिकत्व मिळू शकतं. माझी एक मैत्रीण अशाच घरातली, तिच्यासाठी दोन वर्षं हे सगळं शोधत बसले होते म्हणून लिहितेय. कारण आम्ही चुकीच्या टोकापासून सुरुवात केली आणि पैसे, वेळ दोन्ही घालवलं.

आधी पात्रता, कारण तिथेच सगळं ठरतं. आडनाव, गोरा रंग, घरातले जुने फोटो यातलं काहीच चालत नाही, एकच प्रश्न असतो, आजी किंवा आजोबा (आईकडचे असोत की वडिलांकडचे) जन्मले कुठे. ब्रिटनचा अँसेस्ट्री व्हिसा, म्हणजे आजी-आजोबांच्या जन्मावरून मिळणारा, कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मिळतो, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांनाही. वय १७ पूर्ण हवं, तिकडे जाऊन काम करायचा खरा इरादा हवा, आणि चारपैकी एकजण ब्रिटन, चॅनल आयलंड्स किंवा आयल ऑफ मॅन इथे जन्मलेला हवा. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ३१ मार्च १९२२ च्या आधी आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकात जन्मलेले आजी-आजोबा पण यात धरतात. पणजोबा चालत नाहीत, सावत्र नातं चालत नाही, कायदेशीर दत्तक चालतं. व्हिसा ५ वर्षांचा असतो.

आयर्लंडचं वेगळं आहे, तिकडे व्हिसा नाही, थेट नागरिकत्वच मिळतं. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर कुठेही, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्येही, जन्मलेले असतील तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्या आयरिश वंशाच्या लोकांच्या सरकारी नोंदवहीत, नाव घालता येतं. पण नीट विचार करा, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आयरिश नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व गेलं, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) काढायचं. अँसेस्ट्री व्हिसात भारतीय पासपोर्ट तसाच राहतो, म्हणून १८९५ साली आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये जन्मलेला आजोबा सापडला तर दोन्ही दारं उघडी असतात आणि कुठलं घ्यायचं ते घरात बसून ठरवायचं.

आता शोध. सुरुवात लंडन किंवा डब्लिनपासून नाही, इथूनच करायची. आपला जन्मदाखला, मग आईचा किंवा वडिलांचा, मग आजी-आजोबांच्या लग्नाची चर्चमधली नोंद. चर्चच्या वहीत नवऱ्याचं वय, धंदा आणि बापाचं नाव मिळतं, पुढे तेच कामाला येतं. चर्चमधली वही खराब झाली असली तरी सोडू नका, मुंबई इलाख्यातल्या चर्चनी बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला पाठवलेल्या असायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (इंग्रजी अमलात लंडनहून भारताचा कारभार बघणारं खातं) दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. कॅथलिक घरांनी मात्र मूळ चर्चमध्येच आधी विचारावं, कारण त्या नकलांमध्ये कॅथलिक नोंदी कमी सापडतात, आणि आयरिश माणूस बहुतेक वेळा कॅथलिक असतो.

आमचं इथेच चुकलं. मैत्रिणीच्या घरात सगळे म्हणायचे आजोबा कॉर्कचे, आम्ही त्या नावाचे तीन-चार आयरिश दाखले मागवून बसलो, एकाचाही मेळ बसेना. शेवटी बाप्तिस्म्याची वही उघडली तर आजोबांचा जन्म देवळालीचा, कॉर्कचे होते ते त्यांचे वडील, पलटणीत शिपाई. म्हणजे ती अपात्र. ती रडली त्या दिवशी. म्हणून परत सांगते, आजोबा इथेच जन्मले नाहीत ना हे आधी बघा.

माणूस पलटणीत असेल तर निवृत्तीचे लष्करी कागद शोधा, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत १९१३ पर्यंतच्या पेन्शनवाल्यांचे कागद आहेत, त्यात जन्माचा परगणा लिहिलेला असतो. आणि इंग्लंड-वेल्सच्या १९११ च्या शिरगणतीत परदेशातल्या पलटणीही मोजल्या होत्या, त्यात भारतातल्या पण आल्या, जन्मगावासकट.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे तिथली जन्म-मृत्यू नोंदणी कचेरी, तिच्या साइटवर फुकट खातं उघडायचं, इंडेक्स बघायचा. त्यांच्या इंडेक्समध्ये १८३७ पासूनच आईचं माहेरचं आडनाव दिलंय, त्यामुळे एकाच नावाचे दहा जण असले तरी आपला कोण ते कळतं. इंडेक्स तिमाहीप्रमाणे आहे आणि जन्म नोंदवायला ४२ दिवस असायचे, म्हणून डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत पण बघा. वय दोन वर्षं इकडे-तिकडे धरूनच शोधा. जुन्या नोंदीची डिजिटल प्रत ३ पाउंडात मिळते, आधी तीच घ्या, माणूस आपलाच आहे याची खात्री झाली की मग कागदी दाखला मागवा, तो सध्या १२.५० पाउंडांना पडतो. अर्जाला कागदी दाखलाच लागतो, डिजिटल प्रत किंवा पीडीएफ पुरावा म्हणून धरत नाहीत. स्कॉटलंडचं दप्तर वेगळं, तिथे १८५५ पासून आणि स्कॉटलंड्स पीपल या साइटवर.

आयर्लंडमध्ये जरा जास्त धीर लागतो. १९२२ च्या जूनमध्ये यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं, १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळपास सगळ्या त्यात गेल्या, त्यानंतरच्या चार शिरगणत्या सरकारनेच नष्ट केल्या होत्या. पण जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी त्यात नव्हत्या, त्या वाचल्या. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू, लग्न नोंदलेले आहेत आणि आयरिश जिनिऑलॉजी या सरकारी साइटवर १०० वर्षांहून जुने जन्म मूळ पानाच्या फोटोसकट फुकट दिसतात. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या पण पूर्ण आहेत आणि फुकट आहेत. आजोबा तेव्हा भारतात असले तरी त्यांचे आईवडील घरी सापडतात, आणि १९११ च्या कागदावर त्या बाईला किती मुलं झाली, किती जिवंत, हे लिहिलंय. घरात दिसतात चार आणि जिवंत म्हणून लिहिलेत सहा, तर बाहेर गेलेल्या दोघांत आपला असू शकतो. आडनाव ओ आणि मॅक लावून आणि न लावून, दोन्ही बघा. जन्मतारखेवर फार भरवसा नको, उशिरा नोंदवलं की दंड व्हायचा म्हणून लोक तारीख पुढची सांगायचे. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर घाबरू नका.

कागदांचं म्हणाल तर आजी किंवा आजोबापासून आपल्यापर्यंत एकही कडी सुटायला नको. तिघांचे पूर्ण जन्मदाखले, ज्यांत आईवडिलांची नावं आहेत असे, आणि आडनाव बदललंय तिथे लग्नाचा दाखला. अँसेस्ट्री व्हिसाला वर टीबीची टेस्ट, राहण्याखाण्याची ऐपत दाखवणारी बँक स्टेटमेंट्स आणि नोकरीचा किंवा ती शोधत असल्याचा पुरावा. फी वेगळी आणि हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे) वेगळा, तो सध्या वर्षाला १,०३५ पाउंड आहे, पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, त्यामुळे आधी हिशोब करा. आयर्लंडसाठी फॉर्म ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, त्यांनी ठरवून दिलेल्या पेशातल्या साक्षीदाराची सही घ्यायची आणि मूळ दाखल्यांसकट डब्लिनला पाठवायचं. आजी-आजोबा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला पण जोडायचा. मोठ्यांची फी २७८ युरो. नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून धरतात, जन्मापासून नाही, म्हणजे त्याआधी झालेल्या मुलांना ते आपोआप मिळत नाही. बाळ होणार असेल तर आधी आपली नोंदणी उरका.

नावाच्या स्पेलिंगसाठी मात्र इथेच धावपळ होते. इकडच्या दाखल्यात एक, चर्चच्या वहीत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. ते अर्जाच्या आधीच नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून जुळवून घ्या, आणि मूळ कागद पाठवण्याआधी प्रत्येकाची पाठपोट स्कॅन ठेवा.