जांघेतली खाज आणि 'ती' ट्यूब
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळ्यात गर्दी ओसरायची वाट बघून कुणीतरी हळूच म्हणतं, "खाजेची ती ट्यूब द्या, मागच्या वेळची." आम्ही आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. राग मानू नका, कारण सांगतो.

जांघेतली गोल, कडेला लाल, पसरत जाणारी खाज बहुधा गजकर्णाची असते, म्हणजे बुरशीची. 'ती' ट्यूब म्हणजे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड यांची खिचडी. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते. ट्यूब संपली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी जांघेत कातडी ताणल्यासारखे पट्टे उमटतात, आणि ते कायमचे राहतात. त्या भागाची त्वचा औषध फार शोषून घेते: हातापेक्षा वृषणाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट स्टेरॉइड आत जातं, असं १९६७ सालीच मोजलं गेलंय.

म्हणून खोक्यावर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड दिसलं, तर ते आपल्या मनानं लावू नका. २०१८ साली सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली; चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

गजकर्णाला नुसतं बुरशीचं मलम लागतं. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावा आणि चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकदमच करा, नाहीतर ते घरातच फिरत राहतं. टॉवेल वेगळा, चड्डी पूर्ण वाळलेली. ओल्या दिवसांत इस्त्री फिरवा.

आता याच्या अगदी उलटं. पाळी गेलेल्या काही बायकांना मायांगाला रात्री असह्य खाज येते, कातडी पांढरी, कागदासारखी पातळ होते. याला लाइकेन स्क्लेरोसस म्हणतात. हा संसर्ग नाही, अस्वच्छतेचा तर मुळीच नाही. इथे मात्र तेच क्लोबेटासोल खरं औषध आहे. डॉक्टर बहुतेकदा पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. एवढ्याला ३० ग्रॅमची एक ट्यूब पुरते. ट्यूबसोबतच्या कागदावरचा इशारा वाचून घाबरून औषध मध्येच सोडणाऱ्या मावशी, काकू आम्ही पाहतो. तसं करू नका. उपचार न केल्यास जागा आकसते, आणि थोड्या जणींत पुढे कॅन्सरही होऊ शकतो. पुरुषांना आणि लहान मुलींनाही हा आजार होतो.

बाहेरून दोन्ही 'खाज'च. फरक त्वचारोगतज्ज्ञ बघूनच सांगू शकतात, म्हणून एकदा दाखवा. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर थांबू नकाच.

काउंटरवर बोलायला अवघड वाटलं, तर कागदावर लिहून द्या. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.